ही पानं माझी न्हाईत

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

तीन पत्ती खेळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पानं हातात आली की त्यांचे डोळे लकाकतात. आमच्या वेल्ह्याच्या स्टँडमागे छत्र्या दुरुस्त करणारे चाचा मात्र तिन्ही पानं एकदाच बघायचे, पालथी ठेवायचे आणि म्हणायचे, "ही पानं माझी न्हाईत."

दहा डावांतले नऊ डाव ते असेच सोडत. बाकीचे चिडवायचे, "चाचा, खेळाय येता का वारा खायाला?"

"वारा फुकट हाय बाबा," चाचा म्हणायचे.

छत्र्यांचंही तसंच. गंजलेल्या ढिगातून एकेक काडी उचलून बघायचे, "ही चालंल. ही न्हाई." पण एकदा डावात बसले की सगळे दचकायचे. चाचा बसले म्हणजे पानं भारी, हे सगळ्यांना पाठ होतं.

माझी चहाची टपरी त्यांच्या गाळ्याला लागून. चहा मी द्यायचे, पण बोलायचे नाही. पुरुषमाणसांत माझा आवाजच फुटत नाही.

माझा नवरा चाचांच्या उलट. कसलीही पानं येवोत, तो बसणारच. एके दुपारी मी चहा घेऊन गेले, तर त्याच्या मांडीशी नोटांची गुंडाळी, तिला माझं हिरवं रबर. शेगडीसाठी बचत गटातून उचललेले तीन हजार होते ते. डब्यातून कधी काढले, मला पत्ताही नव्हता. मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले.

चाचांनी पानं बघितली. खाली ठेवता ठेवता त्यांची नजर त्या रबरावर गेली, मग माझ्या तोंडावर. पानं त्यांनी परत उचलली.

"चाल," म्हणाले आणि पैसे टाकले.

बाकीचे लगेच पानं टाकून उठले. नवरा हट्टाला पेटला, चालीवर चाल करत गुंडाळी संपवली. चाचांनी आणखी पैसे टाकले. तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. "चाचा बसलाय म्हंजी मेलो आपुन," म्हणत त्यानं पानं फेकली. राण्यांची जोडी होती.

गोणपाटावरचे ग्लास उचलताना चाचांची पानं मला दिसली. दुर्री, पंजी, नव्वी. रंगही वेगवेगळे. राण्यांपुढं नुसता कचरा.

दुसऱ्या दिवशी चाचांनी माझी छत्री नीट करून दिली. आत ती गुंडाळी, रबरासकट.

"जिकल्यालं तुमचं हाय," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. "फुकट न्हाई घ्यायची म्या."

"मग उसनं घे, पोरी. सवडीनं दे. आन् त्याला सांगू नगंस."

राण्यांच्या त्या जोडीचं दुःख नवऱ्याला अजून आहे. पुढं तो पुण्याला वॉचमन म्हणून गेला. महिन्यातून एकदा येतो, कधी येतही नाही.

दर बाजाराच्या दिवशी मी पन्नास रुपये आणि चहा घेऊन चाचांकडे जाऊन बसायचे. ते एकटे, मीही एकटी. काड्या निवडत ते विचारायचे, "जेवलीस का?" आठवड्यात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटचे पन्नास उरले, तेव्हा मी तीन बाजार गेलेच नाही. दिले की त्यांच्यापाशी बसायला निमित्त काय उरणार? चाचांनीही मागितले नाहीत.

मग एक दिवस गाळा रिकामा झाला. सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्यांची मुलगी त्यांना मिरजेला न्यायला आली होती. मी स्टँडकडे पळाले. एसटीच्या खिडकीतून नोट पुढं केली.

चाचांनी हात मागं घेतला. "र्‍हाऊ दे की. येवडं र्‍हाऊ दे."

"घ्या चाचा. तुमचंच हाय."

त्यांनी नोट घेतली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली. कंडक्टरनं घंटी मारली. तीन हजार पुरे फिटले.