बाच्या दुखण्याची मंडई

माझ्या बाला स्वतः जेवण्यापेक्षा दुसऱ्याला जेवू घालायची हौस भारी. आमचं गाव वैनगंगेच्या काठी. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा भरायची, दिवसाउजेडी दंडार व्हायची आणि दंडारीची नाचगाणी-सोंगं पाहायला आलेले सोयरे घरोघर मुक्काम ठोकायचे. पंगत बसली की बा खांद्यावर दुपट्टा टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि एकेकाच्या पानापुढे वाकून म्हणायचा, "आखीन घ्या." त्याने असा आणखी घ्यायचा आग्रह केल्याशिवाय कोणी उठत नसे. पोट तट्ट फुगलं तरी पाहुणा बाची वाट पाहत बसून राहायचा. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या दुनियेत असंच असतं.

एका वर्षी धान फुलोऱ्यावर आला तेव्हा बाच्या गालात आतून गाठ आली. जन्मभर तिथेच तंबाखू-चुना धरलेला. चांद्याच्या डॉक्टरने तोंडात बत्ती मारून पाहिली आणि कॅन्सर सांगितला. नागपूरला विजेचा शेक देतात, लवकर गेलात तर माणूस हाती लागेल, पण राहण्याखाण्याचा, दवापाण्याचा खर्च मोठा आहे, असं म्हणाला. मला शेजारच्याच गावात दिलेलं. बातमी कळली तशी पोरं सासूच्या ओटीत टाकली आणि माहेरी येऊन बसले. सासू कुरकुरली. कुरकुरू दे म्हटलं, बाप काय दोन-चार असतात?

खर्चावर तोड मामाने काढली. मायचा हा भाऊ म्हणजे सल्ला द्यायला सगळ्यांच्या पुढे. तो म्हणाला, यंदाची मंडई तुमच्याच अंगणात भरवू, बाच्या नावाने दंडार लावू आणि ताट फिरवून पैसे जमवू. आम्हाला पटलं. खरं सांगते, मलाही पटलं.

मंडई अशी भरली की विचारू नका. जे कधी फिरकले नव्हते तेही बाला गाठ झाली म्हणून गाड्या जुंपून आले. येणारा प्रत्येकजण बाला तोंड उघडायला लावायचा, आत डोकावायचा, च्चच्च करायचा आणि पंगतीला बसायचा. दंडारीतल्या सोंगाड्याने गालात भिजल्या कणकेचा गोळा धरला आणि बाची हुबेहूब नक्कल करत पंगतीतून फिरला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि बा? बा गाल धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. ताट फिरलं. लोकांनी हात आखडला नाही, ताट जड झालं. मायने ते उचलून कपाळाला लावलं.

पण पाहुणे निघायला लागले. आमच्याकडे सोयऱ्याला तसंच जाऊ देत नाहीत, त्याला कपडे करतात. बाप्याला धोतर नाहीतर दुपट्टा, बाईला लुगडं, कुंकवाचा टिळा लावून. मंडईतला कापडवाला मोठा पोहोचलेला. त्याने दुकान आमच्या अंगणासमोरच थाटलं होतं. माय ताट घेऊन उठली, तशी मी दारात आडवी झाले. म्हटलं, माय, हा बाचा शेक हाये. ती म्हणाली, "त्यायनं तुह्या बासाठी दिलं, अन् आपुन त्यायले उघडं लावून देऊ का?" दिवस कलेपर्यंत ताटातलं सगळं कापडवाल्याच्या पेटीत गेलं, आणि बाच्या गालातली गाठ जिथल्या तिथे. मामा गूळ-शेंगदाणे खात म्हणाला की आता एकच उपाय, आणखी एक मंडई. मी सांगितलं, मामा, दुसरी मंडई भरवाल तर चुलीजवळ तुम्हालाच बसवीन. तो दोन दिवस माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

मग माय म्हणाली, आपल्या घरी सगळे जेवून गेले, आता आपण त्यांच्या घरी जाऊ. नागपूरच्या वाटेवर गावागावात सोयरे आहेत. मुक्काम करत करत पोचू, खाण्याचा खर्च नाही, आणि निघताना ते आपल्याला कपडे करतील, ते कपडे नागपूरला विकू. माझी माय निरक्षर, पण त्या दिवशी मला ती दिवाणापेक्षा हुशार वाटली. बा, माय, मी आणि गाडी हाकायला मामा, असे आम्ही निघालो.

पहिल्याच गावी काय व्हावं? सकाळी निघायला गाडीजवळ गेलो तर चाकाची खीळ गायब. पाहुण्याला ठेवून घ्यायची ही जुनी रीत. खीळ यजमानिणीच्या कमरेला खोचलेली आणि ती खुदुखुदु हसतेय. मी समजावलं, चिडले, हात जोडले. ती म्हणाली, आजारी माणसाला असं उपाशी लावून देऊ का, लोक तोंडात शेण घालतील. पुढच्या गावी बैलच दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधले. त्याच्या पुढच्या गावी मामाच लपला, त्याला तिथली मासोळी फार आवडली होती.

बाचं खाणं मात्र गावागणिक उतरत गेलं. आधी भात खायचा, मग कालवलेला भात, मग नुसती पेज. बा खात नाही म्हटल्यावर यजमान आणखी रांधायचे. त्यांचा मान राहावा म्हणून त्याचं पान मी आणि माय संपवायचो. मी फुगत चालले आणि बा वाळत चालला. गाडीत मात्र कोऱ्या धोतरांचं गाठोडं एवढं वाढलं की बाला लोडासारखं टेकायला झालं.

नागभीडला बैलगाडी ठेवली, अरुंद रुळांची धाकटी रेल्वे मिळाली आणि आम्ही कसेबसे नागपूरच्या दवाखान्यात पोचलो. तिथला बाबू म्हणाला की गरिबाला शेक फुकट मिळतो. फुकट! मी मामाकडे पाहिलं, मामाने छताकडे पाहिलं. पण बाबूची नजर गाठोड्यावर गेली. एवढी कोरी धोतरं? तुम्ही तर कापडाचे व्यापारी, तुम्ही कुठले गरीब? आम्ही सोयऱ्यांचं, मंडईचं, खिळीचं सगळं सांगितलं. त्याला ढिम्म कळलं नाही. तेव्हा बा उठला. बाबू घाबराघुबरा होऊन खुर्चीतून उठेपर्यंत बाने त्याच्या खांद्यावर एक धोतर टाकलंही होतं. ही लाच समजून, कोणी बघायच्या आत बाबूने 'गरीब' लिहून आम्हाला आत पिटाळलं. बाला लाच ठाऊकच नव्हती. तो मला म्हणाला, बिचारा कवापासून कपड्यासाठी ताटकळून राह्यला होता.

डॉक्टर तरुण होता. त्याने तपासलं आणि विचारलं की चांद्याहून सांगितल्यावर इतके दिवस कुठे होता. बाला आता नीट बोलता येत नव्हतं, तरी तो अभिमानाने म्हणाला, "पाव्हना होतो, साहेब."

डॉक्टरने मला व्हरांड्यात नेलं. शेक देऊ, पण आता त्याने दुखणं तेवढं कमी होईल. तेव्हा सरळ आला असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाला. मला इतका राग आला की कोणाचा तरी गळा धरावा. पण कोणाचा? जिने खीळ लपवली तिने बासाठी भातावर घरचं तूप सोडलं होतं. मी व्हरांड्यातच फतकल मारून रडले. आत बा शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी निघाला म्हणून त्याला धोतर देत होता. मी अडवलं नाही. त्या वॉर्डातून जो जो घरी गेला, तो कोरं धोतर घेऊन गेला. आमच्यापाशी विकायला काही उरलंच नाही.

शेकाने ठणका थांबला. परत येताना मी कुठल्याच सोयऱ्याकडे गाडी वळवू दिली नाही. बा मोहफुलं पडायच्या दिवसांत गेला, घरच्या ओसरीत, मायच्या मांडीवर.

पुढच्या दिवाळीनंतर मंडई भरलीच. सोयरे आले. मी मनाशी ठरवलं होतं की यंदा कोणाशी बोलायचं नाही, वाढायचं आणि मोकळं व्हायचं. भर दुपारी अंगणात पंगत बसली. मी भात वाढला, वरण वाढलं, मासोळीचं कालवण वाढलं. सगळ्यांची जेवणं झाली, पण कोणी उठेना. हात वाळले, पानांवर माशा बसल्या, तरी सगळे खाली मान घालून बसलेले. ती खीळवाली बाईही बसलेली. मला आधी कळेचना. मग मायकडे पाहिलं, तर ती खुंटीवरच्या बाच्या दुपट्ट्याकडे पाहत होती.

मी तो काढला आणि खांद्यावर टाकला. एका टोकाला गेले, पहिल्या पानापुढे वाकले आणि म्हटलं, "आखीन घ्या."