काकूंच्या नावापुढची तिसरी फुली

काकू कुकरच्या शिट्ट्यासुद्धा जर्मनमध्ये मोजायच्या. ‘आइन्स, झ्वाय, द्राय’ झालं की शेगडी बंद. वय जेमतेम बत्तीस, पण आम्हा बाविशीतल्या पोरींना त्या काकूच. मूळच्या कोल्हापूरच्या, जर्मनीत येना शहरात भिंगांवर पीएचडी करत होत्या.

आमचं वसतिगृह भाषा शिकणाऱ्यांचं. स्वयंपाकघरात जर्मनच बोलायचं, हा तिथला नियम. दाराशी सगळ्यांच्या नावांचा कागद. कागद सांभाळायची जिची पाळी असेल तिने दुसरी भाषा कानावर पडली की बोलणारीच्या नावापुढे फुली मारायची. सत्रात तीन फुल्या झाल्या, की पुढच्या सत्राला खोली नाही. बहुतेक जणी काणाडोळा करायच्या. काकू मुळीच नाही. “भाषा उपाशी ठेवल्याशिवाय येत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, तेही जर्मनमध्येच.

मी पुण्याहून नुकतीच आलेली, घरच्या आठवणीने अर्धमेली. “काकू, इथे कढीपत्ता कुठे मिळतो हो?” असं लाडात विचारावं, तर त्या कोरड्या चेहऱ्याने म्हणायच्या, “व्ही बिट्टे?” म्हणजे, काय म्हणालात? असा राग यायचा! आणि खोलीवर जावं, तर बाई प्रबंधाला बसलेल्या, दार बंद.

दोनदाच त्यांच्या तोंडून मराठी निघालं. एकदा माझ्या हातावर तापलं तेल उडालं तेव्हा: “अगं, नळाखाली धर आधी!” आणि एकदा मी परीक्षेत नापास होऊन भातापुढे रडत बसले होते तेव्हा: “गप. चार घास खा बघू. मी आहे ना.” दोन्ही वेळा हात पुसून त्यांनी आपल्याच नावापुढे फुली मारली. मला वाटलं, काय हा दिमाख!

सत्र संपत आलं होतं आणि आठवडाभर कागदाची पाळी माझी होती. काकू कणीक मळत होत्या, तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला. वडिलांना दवाखान्यात हलवलं होतं. काकू पिठाच्या हातानेच फोन धरून रडत, घडाघडा मराठीत बोलत सुटल्या. तिथे आम्ही दोघीच होतो. मी गप्प बसले असते तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण ज्या दोन शब्दांसाठी मी सहा महिने तडफडले, ते या बाईपाशी एवढे भरभरून होते, याचाच मला संताप आला. नियम तुमचाच ना? मग घ्या! मी फुली मारली.

फोन ठेवून त्यांनी कागद पाहिला. कणीक झाकून ठेवली आणि खोलीत गेल्या.

खोली सुटली. जवळपास दुसरी मिळेना, म्हणून त्या लांबच्या गावी राहायला गेल्या. रोज जाऊन-येऊन चार तास. वडील गेले, आणि पुढे प्रबंध अर्धाच टाकून त्या कोल्हापूरला परतल्या, असं मला उशिरा कळलं. आजही कुणी माझ्या जर्मनचं कौतुक केलं, की तोंड कडू होतं.

काकूंनी वसतिगृह सोडलं त्या दिवशी मी त्यांची बॅग फाटकापर्यंत नेली होती. बाहेर आल्यावर काकू थांबल्या. “बोल गं आता मराठीत. इथे फुली नाही.”

सांगायचं खूप होतं. दोन फुल्या माझ्यापायी होत्या, तिसरी तर मीच मारली. पण तोंडातून बाहेर आलं ते वर्गात घोकलेलं माफीचं जर्मन वाक्य.

काकूंनी माझ्या हातातून बॅग घेतली.

“छान आली हो तुला भाषा,” त्या म्हणाल्या.