गोदावरीच्या पुलाचं चित्र

गेवराईत आमच्या गल्लीत राहणाऱ्या त्या चित्रकार बाईंना सगळे ताईच म्हणतात. नवा माणूस भेटला की नाव-गाव विचारायच्या आधी त्या विचारतात, "तुमचं घर कुठून सुरू व्हतं?" समोरचा गोंधळतो. मग कुणी केजच्या एसटी स्टँडावरचा चहाचा गाडा सांगतो, कुणी तलवाड्याचा फाटा. ताई तिथं जाऊन रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसतात आणि ती जागा रंगवतात.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गोदावरीच्या पुलापासून. पूल लागला की घरी आल्यासारखं वाटतं."

यंदा शाळेच्या हॉलात त्यांनी प्रदर्शन मांडलं. माझा पूल कोपऱ्यात होता. खाली नदी, आणि नदीत वाळू उपसून पडलेले खड्डे, जसेच्या तसे. एका पुढाऱ्याचा माणूस त्यासमोर थांबला.

"ताई, गावाची बदनामी कावून करता? एवढे खड्डे रंगानं बुजवून टाका. साहेब उद्घाटनाला यायलेत."

ताईंनी पदराला हात पुसले.

"आधी नदीतले बुजवा भाऊ, मग चित्रातले मी बुजवते. आपलं घर हाय ते, खोटं कसं काढू?"

तो पाय आपटत गेला. साहेब काही आले नाहीत. ताईंनी चित्र कोपऱ्यातून काढलं आणि थेट दारासमोरच्या भिंतीवर धरलं. "हितं लावा, सगळ्यांला दिसंल."

खिळा मी ठोकला. स्वतःच्या दारावर नावाची पाटी लावतानाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.