रेशीम ढकलून निघत नाही

"अहो मॅडम, या वयात हौस म्हणून पीएच.डी. करायची तर सोपा विषय घ्या," मार्गदर्शक सर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजात शिकवून, घर सांभाळून मी प्रयोगशाळेत रेशमाचा धागा बनवू पाहत होते आणि तो बोट लागताच तुटत होता, हे खरं. पण हौस? महिनाअखेरपर्यंत धड धागा निघाला नाही तर विषय बदलायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. म्हणजे आजवर केलेलं सगळं पाण्यात.

माझी रीत अशी: कोष विरघळवून दाट द्रावण करायचं आणि सिरिंजमधून दाबून बाहेर काढायचं. चकलीचा सोऱ्याच तो. अळीसुद्धा तसंच करत असणार, असं मी धरून चालले होते.

शेवटी कात्रजच्या पुढल्या एका शेतकऱ्याकडून कोष विणायच्या बेतात आलेल्या थोड्या रेशीमअळ्या आणल्या आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये टोपलीत ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "छान! आता पाहुण्यांना बसा म्हणायच्या आधी खुर्ची बघायला हवी." मी टोपलीपुढे ठाण मांडलं.

एका अळीनं तोंड टोपलीतल्या काडीला टेकवलं, टोक चिकटवलं आणि डोकं मागे घेतलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा मागे. अगं बाई! ही तर धागा ओढतेय! तिच्या अंगात रेशीम पातळ असतं, त्यातले रेणू कसेही गुंतून पडलेले. अरुंद नळीतून ओढ बसली की ते एका दिशेला लागतात, पाणी निघून जातं आणि ते एकमेकांना घट्ट धरतात. धाग्यात बळ येतं ते तिथं.

मग मी सिरिंजवरचा जोर काढला आणि बाहेर आलेलं टोक फिरत्या रिळाला चिकटवलं. वेग वाढवला की धागा तटकन तुटे, कमी केला की लिबलिबीत राही. कॉलेज सुटलं की रोज तेच. कधीकधी रडूच यायचं. पण म्हटलं, आता माघार नाही.

महिनाअखेरीला सरांच्या हातात धागा ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून जोर लावला. तुटला.

"बघा," ते म्हणाले.

"बघितलं ना, सर. आधीचा नुसतं बोट लावल्यावर तुटायचा. याला तुम्हाला दोन्ही हात लावावे लागले."

सर हसले नाहीत. हातातले तुकडे निरखत त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि विचारलं, "रिळाचा वेग किती ठेवला होता?"