पाण्याचा निरोप

माझ्या शुगरपासून पीएफच्या पासवर्डपर्यंत सगळं सुनंदाला माहीत आहे. ती माझी बायको. "ह्यांचं माझ्यापासून काही लपत नाही," असं ती चारचौघांत सांगते आणि मी मान डोलावतो. हे तिला माहीत नाही. कुणालाच नाही. देवापुढं उभा राहिलो की सांगेन म्हणायचो — आणि दुसरंच काहीतरी मागून परत यायचो.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा — ओळखतही असाल. सिडकोत आमच्याच गल्लीत राहत असाल, त्या दुष्काळात एका गुरुवारी तुम्हीही धुतलेले ड्रम मांडून नळाकडं बघत बसला असाल. तसं असेल तर तुम्हाला सांगायलाच हवं.

दत्तापासून सुरू करतो.

दत्ता आणि मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं तपासणी खात्यात होतो. मशीनवरून उतरलेला माल आमच्या टेबलावर यायचा. बरोबर असला तर सही, नसला तर लाल शेरा. मी साधनांनी मोजायचो. दत्ताही मोजायचा, पण आधी अंगठा फिरवायचा. अजिंठ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, जाड बोटांचा माणूस — आणि केसापेक्षा कमी फरक त्या अंगठ्याला कळायचा. "ह्यो पोटात फुगलाय बघ," म्हणायचा, आणि मोजलं की तो भाग खरोखर मधोमध फुगलेला निघायचा. मला चौदा वर्षांत ते जमलं नाही. हे लक्षात ठेवा. मी एक दिवसही विसरलो नव्हतो.

मग मागणी घटली, एक लाइन बंद झाली आणि एका शनिवारी पाळी सुटताना आमच्या हातात लिफाफे दिले. फाटकाबाहेर आल्यावर दत्ता म्हणाला, "अनंता, आपल्यालाच रिजेक्ट मारलं की रं." मी हसलो. घर येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

पहिले पंधरा दिवस मी छताकडं बघत काढले. उठवलं दत्तानंच. त्याचं म्हणणं असं, की काम नसलं तरी दिवसाला माप पाहिजे. कॅनॉटच्या बागेत एका बाकावर बसून आम्ही वहीचं एकेक पान फाडलं आणि काय-काय करून दाखवायचं ते लिहून काढलं. माझ्या पानावर पाच गोष्टी — दिवाळीच्या आत नोकरी, संगणकावर अहवाल करायला शिकणं, तंबाखू बंद, रोज चालणं, आणि शेवटची जरा लाजतच लिहिली: स्वतःची टाकी असलेलं घर. दत्ताच्या पानावर दोनच. नोकरी. आणि आबांना हवेची गादी. आबा म्हणजे त्याचे वडील, लकव्यानं वर्षभर अंथरुणावर होते, पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या.

कारखान्यातला एक नियम आमच्या अंगात मुरलेला होता — ज्यानं माल बनवला त्यानं तो तपासायचा नाही. म्हणून आम्ही पानं बदलली. माझं त्याच्याकडं, त्याचं माझ्याकडं. दर रविवारी त्याच बाकावर एकमेकांचा आठवडा तपासायचा. शेरा, तारीख, सही. खाडाखोड चालायची नाही. शेरा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं काय ते लिहायचं आणि शेजारी सही करायची. हसू येतंय ना? चाळिशीतली दोन माणसं, दोन कागद. पण तंबाखू माझी सुटली ती त्या लाल शेऱ्याच्या धाकानं.

आता पाण्याचं सांगतो.

जायकवाडीत तळ दिसत होता. तिकडं शेंद्र्याच्या रस्त्याला नवनव्या इमारती उठत होत्या, आणि इकडं आमच्या नळाला सातव्या-आठव्या दिवशी पाणी यायचं. कधी येणार याचा भरवसा नाही, आलं तर जेमतेम तासभर. पाणी सोडणारे सलीमभाई माझ्या ओळखीचे झाले होते. ते मला फोनवर दिवस नि वेळ सांगायचे, मी गल्लीला सांगायचो. काम गेलेल्या माणसाला तेवढाच एक मान होता. "अनंतराव बोलले का?" — बोलले असतील तर पक्कं. मग बायका सुट्ट्या टाकायच्या, आणि पाणी यायच्या सकाळी सगळे आपापले ड्रम रिकामे करायचे. आठ दिवसांच्या पाण्यात तळाला अळ्या दिसायच्या. ते ओतून, ड्रम घासून ठेवायचे. नवं पाणी येतंय या भरवशावर.

दत्ताच्या घरी पाणी भरायला दत्ताच होता. त्याची बायको, मंगल, एका शिलाईच्या कारखान्यात जायची, एक खाडा झाला तरी तिथं ठेवत नव्हते. एकदा दत्ता कुठं मुलाखतीला गेला आणि मागं पाणी येऊन गेलं. ते आठ दिवस आबांच्या चादरी धुता आल्या नाहीत. जखमा चिघळल्या. मंगल त्याला ओट्यावरच बोलली, सगळ्यांसमोर — "नोकरी नाय ते नाय, पाणी बी नाय का?" दत्ता मान खाली घालून ऐकत होता. मी तिथं होतो. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

एका बुधवारी संध्याकाळी सलीमभाईंचा फोन आला: पाणी परवा, शुक्रवारी, सकाळी नऊला. गल्लीला सांगायला मी अजून निघालो नव्हतो. त्यानंतर तासाभरानं दुसरा फोन आला. शेंद्र्याच्या एका नव्या कारखान्यात आम्ही दोघांनी अर्ज दिले होते. तिथला ओळखीचा माणूस म्हणाला, उद्या साडेनऊला दोघंही या. जागा एक आहे. कागद बघणार नाहीत, हातानं मोजून दाखवायचं.

हातानं.

मी चार घरं ओलांडून दत्ताकडं गेलो. सांगायलाच गेलो होतो, खोटं बोलायला नव्हतो गेलो — असं मला आजवर वाटत आलंय. खरं आहे का ते? माहीत नाही. तो आबांना कुशीवर वळवत होता. मी कारखान्याचं सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. एका हातानं आबांना धरून दुसऱ्या हाताचा अंगठा त्यानं मला दाखवला आणि हसला. मग विचारलं, "पाण्याचं काय म्हणला सलीमभाई?"

आणि मी म्हणालो, "उद्याच आहे. नऊला."

मी दचकलो. शपथेवर सांगतो, ते वाक्य माझ्याच तोंडून ऐकून मी दचकलो. दुसरं कुणीतरी बोललं की काय म्हणून. लगेच दुरुस्त करता आलं असतं. अरे चुकलो, परवा आहे — एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हणालो.

दत्ता माझ्याकडं बघत राहिला. तो कशाची वाट बघत होता ते मला तेव्हाच कळलं. त्या उन्हाळ्यात माणसं साखर मागायची, दूध मागायची, पण आमचं पाणी भरून ठेवा असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं. नळाची धार करंगळीएवढी, ज्याचं त्यालाच पुरत नव्हतं. ते मागायचं नसतं. समोरच्यानं म्हणायचं असतं. मी म्हणावं, सुनंदा भरेल तुझं — याची तो वाट बघत होता. सुनंदानं आनंदानं भरलं असतं.

मी चपला घातल्या.

"तू जा," दत्ता मागून म्हणाला. "दोघातल्या एकाचं तरी व्हऊ दे. आन् माझ्यासाठी दुपारची येळ मिळती का, तेवढं इचार."

आता एकट्या दत्ताला खोटं सांगून भागणार नव्हतं, शेजारी विचारलं असतं तर उघडं पडलं असतं. म्हणून मी काय केलं ठाऊक आहे? घरोघर गेलो. प्रत्येक दारात उभा राहून सांगितलं — उद्या नऊला पाणी. सगळ्या गल्लीला. आणि घरी येऊन सुनंदाला म्हणालो, आपल्या ड्रममधलं तळाचं ओतू नको, दोन घागरी राहू दे. तिनं का म्हणून विचारलं. मी म्हणालो, असू दे. माझ्या घरापुरतं मी शाबूत ठेवलं. हे लिहिताना हात थांबतोय. खोटं एका झटक्यात निघालं असेल — पण या दोन घागरी? त्या तर शांतपणे ठेवल्या.

गुरुवारी सकाळी मी शेंद्र्याला जायला निघालो तेव्हा गल्लीत पाणी वाहत होतं. लोक ड्रम ओतत होते. दत्ता दारात ड्रम घासत होता, त्यानं फेसाळ हात वर केला. मी त्या वाहत्या पाण्यातून चालत गेलो.

परीक्षेत चार भाग दिले होते. मी तीन बरोबर सांगितले. चौथा पोटात फुगलेला होता — मला तो समजला नाही. तरी मीच त्यातल्या त्यात बरा ठरलो. दुपारच्या वेळेचं मी विचारलंच नाही. दत्ताला सांगितलं, विचारलं, नाही म्हणाले.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते. दारादारांत कोरडे ड्रम. खाडा केलेल्या बायका पायऱ्यांवर बसलेल्या, लेकरं पाणी-पाणी करतायत. टँकरला फोन लावत होते, टँकर मिळत नव्हता. मी म्हणालो, मोठी लाइन फुटली म्हणे. लोकांनी महापालिकेचा उद्धार केला. माझ्याकडं बोट कुणाचं गेलं नाही. उलट एकानं मला सावलीत बसायला जागा करून दिली.

संध्याकाळी सुनंदानं त्या दोनांतली एक घागर दत्ताकडं नेऊन दिली. सकाळी त्यानं उरलंसुरलं पाणी आबांच्या चादरींना वापरलं होतं, नवं येणार म्हणून. दिवसभर म्हाताऱ्याच्या घशालाही पुरेसं नव्हतं. मंगल आमच्या दारात आली. मला म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळं निभावलं."

मी काय म्हणालो असेन? "असू द्या वहिनी," म्हणालो.

शुक्रवारी नऊला पाणी आलं. सलीमभाईंना बायकांनी घेरलं, नाही नाही ते बोलल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गर्दीतून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मैं तो शुक्रवार बोला था ना, भाई?" मी नळाखालचा ड्रम सारखा करत राहिलो. ते सायकल घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी फोन केला नाही.

आणि रविवारी आम्ही बाकावर बसलो. दत्तानं माझ्या पानावर नोकरीपुढं बरोबरची खूण केली, सही केली, पाठ थोपटली. मग मी त्याचं पान काढलं. त्या आठवड्याचा शेरा लिहायचा होता. नोकरीच्या ओळीपुढं मी लाल शाईनं लिहिलं — "परीक्षेला गैरहजर." खाली सही केली. दत्तानं वाचलं. "बरोबर हाये," म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

त्यानंतर बाकावर आम्ही फारसे बसलो नाही. माझ्या पाळ्या सुरू झाल्या. दत्ताला पुढं कुणी बोलावलं नाही, सगळीकडं डिप्लोमा मागायला लागले होते. दोन वर्षांनी आमच्या खात्यात एक जागा निघाली, साहेबांनी मला विचारलं, कुणी हाताचा चांगला माणूस आहे का ओळखीत? मी नाही म्हणालो. दत्ता शेजारच्या टेबलावर येऊन बसला असता आणि सगळ्यांना चार दिवसांत कळलं असतं, खरी जागा कुणाची ते. आबा हवेची गादी न मिळताच गेले. दत्ता शेंद्र्याच्याच रस्त्याला एका नव्या सोसायटीच्या फाटकावर बसतो. गाड्यांचे नंबर लिहितो. त्या अंगठ्यानं वहीची पानं उलटतो.

मागच्या महिन्यात माझ्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. टाकी आहे. पूजा झाल्यावर दत्तानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. माझी यादी. इतकी वर्षं जपलेली. चार गोष्टींपुढं त्याच्या खुणा होत्या. त्यानं माझ्या जावयाकडं पेन मागितलं, पाचवीपुढं खूण केली, तारीख घातली, सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "भावजी, त्या दिवशी मला एक शब्द बोलला असतात तर मी भरलं असतं तुमचं पाणी." तो हसला. "आवं वहिनी, त्या दिवशी पाणी आलंच नाय की. लाइन फुटली व्हती." मग माझ्याकडं वळून सहज विचारलं, "माझी यादी हाये का रं अजून?"

मी म्हणालो, "सापडत नाही रे. घर बदलताना गेली वाटतं."

पुन्हा. एवढ्या वर्षांनी, सत्यनारायणाच्या पाटापुढं, तितक्याच सहज. पुन्हा दचकलो मी, आणि पुन्हा दुरुस्त केलं नाही. त्या क्षणापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मला वाटत होतं ते वाक्य त्या एका दुष्काळापुरतं होतं.

यादी कपाटातच आहे, पहिल्या दिवसापासून. आज काढून समोर ठेवली आहे. "परीक्षेला गैरहजर" या शब्दांवर मी आत्ता एक आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतंय. वर लिहिलं — पाणी शुक्रवारी होतं. अनंतानं गुरुवार सांगितला. शेजारी सही केली, आजची तारीख घातली.

उद्या रविवार आहे. दत्ता सहा वाजता फाटकावर येतो. कागद त्याचा आहे.