मिक्सरमधला कडुलिंब

आमच्या सौंसरकडं धान कोणी लावत नाही. कापूस आणि संत्रा, बस. पण नाल्याकाठच्या पाणथळ तुकड्यात आमची बुढी, माझी बायको, दरवर्षी थोडं धान लावे. बियाणं तिच्या माहेरचं. ती उन्हाळ्यात गेली, बियाणं डब्यात राह्यलं. या पावसाळ्यात मी लावलं. बुढी गेली, तिचं धान तरी जाऊ द्यायचं नाही.

तर पानं कडेनं पिवळी पडून वाळू लागली. कृषीवाल्या साहेबानं एक पान कापून पाण्याच्या गिलासात धरलं. टोकातून दुधासारखं काही निघालं. म्हणे, "बाबाजी, हा जिवाणूचा करपा. युरिया बंद करा, पाणी काढा." पोरानं कापसाच्या हिशोबानं युरिया ओतला होता! "कडुलिंब, लसूण, ताज्या शेणाचं पाणी फवारून पाहा. वाळलं ते वाळलं, नवी पानं वाचली तर पाहू."

मी पाणी काढलं. सून देवळात गेली तशी तिच्या मिक्सरमधी कडुलिंब अन् लसूण वाटला. धुतलाही, माझ्या हातानं जेवढा धुतल्या जाते तेवढा. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तोंडात घेऊन पोरगा अंगणात पळाला.

"मामाजी, मिक्सरमधी काय वाटलं तुम्ही?" सून.

"औषध."

"कोणाचं?"

"धानाचं."

"मग ही चटणी धानालेच वाढा. मी चालली माहेरी."

गेली नाही. पण बोलणं बंद.

शेणाच्या पाण्यानं पंपाचं तोंड बुजून राह्यलं. मग बुढीचं जुनं लुगडं काढलं, त्याच्यातून गाळलं. पहिली फेरी झाल्यावर हिरवं झालेलं लुगडं बांधावर वाळत घातलं. शेजारी हसला, "बुढ्या, लुगडं कोणाचं वाळवून राह्यला?"

"बायकोचं."

"अरे, ते तर..."

"गेली. तरी कामाले येऊन राह्यली."

मग पंप माझ्या पाठीवरून उतरवून दुसरी फेरी त्यानंच मारली.

अर्धं धान वाळलंच. खोटं कशाला लिहू. अर्ध्याची नवी पानं साफ निघाली. औषधानं की पाणी काढल्यानं, देव जाणे. झोडपल्यावर मी सारं धान सुनेपुढं ठेवलं. तिनं चांगले दाणे निवडले, बुढीच्या त्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडला अन् बियाणं गच्च बांधून आढ्याले टांगलं.

म्हणाली, "पुढच्या साली पाट्यावर वाटा."

पाटा बुढीचाच. गोठ्यात पालथा पडला होता. लय जड. दोघांनी मिळून उचलला.