सुदामनं जपलेली मूळ फाईल

सुदामची स्कूटर केडगावजवळ ट्रकखाली गेली, असा फोन सावेडीतल्या आमच्या ऑफिसात आला, तेव्हा मी त्याच्याच खुर्चीत बसून कांद्याच्या रोगांचे फोटो स्कॅन करत होतो. म्हटलं, दुसरा कुणी सुदाम असेल... नव्हता. त्याला जाऊन दीड महिना झाला.

पिकांची माहिती देणारी सीडी आम्ही दोघं करत होतो. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर एका वेळी दोनशे छप्पनच रंग दाखवायचे. कांद्याच्या पातीचा फोटो आला की आपले रंग घेऊन यायचा आणि शेजारच्या फोटोतल्या माणसाचा चेहरा हिरवा पडायचा. मी वैतागायचो. सुदाम शांतपणे सगळ्या चित्रांसाठी मिळून त्या दोनशे छप्पन रंगांची एकच रंगपेटी बसवायचा. "आधी चेहरे, मंग शेतं," म्हणायचा. "पात थोडी चुकली तर चालंल, मानूस चुकला तर न्हाई." आकृत्या जीआयएफ प्रकारच्या फाईलमध्ये, फोटो बीएमपी प्रकारच्या आणि पूर्ण रंगांची पहिली फाईल वेगळ्या फ्लॉपीवर, वर पेन्सिलीनं 'मूळ' लिहून. "रंग एकदा कमी केले की परत येत न्हाईत गड्या. मूळ फाईलला हात लावू नको." त्याच्या या चिकटपणाला मी लई हसायचो.

शेवटच्या पानावर आम्हा दोघांचे फोटो टाकायचे होते. त्याच्याकडे एकच पासपोर्ट फोटो उरला होता. स्कॅन करून त्यानं तो दुसऱ्या एका नोकरीच्या अर्जाला चिकटवून पाठवला आणि फाईल माझ्याकडे दिली. मी घाईत ती पातीच्याच रंगपेटीत बसवली आणि त्याच नावानं सेव्ह केली. मूळ गेलं. त्याला सांगायचं राहिलं... राहिलं कसलं, मी टाळलं.

तो गेल्यावर त्याच्या गावी, सोनईला, घरच्यांना भेटायला गेलो, तर त्याची आई म्हणाली, "एक चांगला फोटू द्या बाबा, भितीला लावाया." स्टुडिओत निगेटिव्ह सापडली नाही. मग त्याच्या साऱ्या फ्लॉप्या एकेक लावून पाहिल्या. एकीवर 'मूळ' आणि खाली माझं नाव; आत माझा पूर्ण रंगांचा फोटो. त्याचा फोटो कशातच नव्हता. तो त्यानं माझ्या भरवशावर सोडला होता.

शेवटी गालावर हिरवट चट्टे असलेला तोच फोटो छापून, काचेत बसवून नेला. आईनं पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली. "डाग जात न्हाई," म्हणाली. तो डाग मी पाडलाय, हे तिला अजून सांगू शकलेलो नाही.

ती पेन्सिलीच्या अक्षरांची फ्लॉपी माझ्या टेबलावर आहे. काल पुन्हा लावून पाहिली. माझा चेहरा जसाच्या तसा आहे.